मधल्याचं आयुष्य

लेबलाचा नियम माझा. चौकशीत सगळ्यांनी त्याला "प्रयोगशाळेचा प्रचलित नियम" म्हटलं, कुणा एकाकडे बोट जाऊ नये म्हणून. माणसं चांगली आहेत. पण खिडकीच्या काचेवर चिकटवलेल्या त्या कागदावर अक्षर माझं होतं, लाल शाई माझी होती आणि खाली दोनदा ओढलेली रेघही माझीच होती. 'दंव आलेली, लेबल नसलेली बाटली घेतली जाणार नाही.'

कारण साधं होतं. गार बाटलीवर दंव धरतं आणि दंवावर कागदी लेबल चिकटत नाही. एका आठवड्यात तीन बाटल्यांची लेबलं गळून पडली, कुठली कशाची कळेना, आणि माझा पारा चढला. मी तो कागद लावला. त्यानंतर बाटल्या कशा अगदी शहाण्यासारख्या यायला लागल्या, कोरड्या, लेबल सरळ, अक्षर सुवाच्य. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं हे कबूल करते.

मी त्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली. तोंडावर मला बाई म्हणत आणि माघारी मास्तरीण. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती, आणि अंगणापलीकडच्या मोठ्या इमारतीत, जिथे प्रत्यक्ष माल व्हायचा, तिथे दिवसपाळीचा प्रमुख होता माझा धाकटा भाऊ. घरातलं शेंडेफळ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला बोट धरून चालायला मी शिकवलं, पाढे मी पाठ करून घेतले, आणि नोकरीला चिकटवला तोही मीच. मी सांगितलेला आकडा त्यानं कधी पुन्हा मोजून बघितला नाही. लहानपणी सात नवे त्रेसष्ट का, असं त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, मी सांगते म्हणून. तेवढं त्याला पुरलं.

आमच्याकडे एक पांढरी पूड व्हायची, पुढे तिचं औषध होतं. मोठ्या बंद भांड्यात कच्चा माल घ्यायचा, त्यात दुसरा द्रव बारीक धारेनं सोडायचा, आणि शेवटी भांडं तापवून पूड काढायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, एकाचं सरळ दुसरं झालं. तसं होत नाही. मध्ये एक तिसराच पदार्थ जन्माला येतो आणि लगेच मोडतो, आणि तो मोडला की माल तयार होतो. मोडताना तो उष्णता सोडतो, वायू सोडतो. पुस्तकात त्याला मध्यवर्ती संयुग म्हणतात, आम्ही नुसतं 'मधला' म्हणायचो. उभ्या उभ्या डोकावून जाणाऱ्या पाहुण्यासारखा त्याचा कारभार. दहा अंशांवर त्याचं अर्धायुष्य पाच मिनिटं, म्हणजे आत्ता जेवढा असेल त्यातला निम्मा पाच मिनिटांनी संपलेला. नवा येतो, जुना जातो. धार चालू असताना भांड्यात केव्हाही बघा, दोन-अडीच टक्क्यांच्या वर तो कधी नसायचा. त्याची भीती बाळगायचं कुणालाच कारण नव्हतं.

मग नवं चिलर आलं, भांडं गार ठेवणारं यंत्र. दहा अंशांवर पूड किंचित पिवळट व्हायची, उणे पंचवीसवर अगदी पांढरीशुभ्र. सगळे खूश. थंड म्हणजे सुरक्षित, हे तर आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही. काही गडबड झाली की आधी थंड करा, मग विचार करा. बैठकीत साहेब हेच म्हणाले, माझा भाऊ हेच म्हणाला, आणि मी मान हलवली.

आता थंडीनं काय होतं ते सांगते. पहिली पायरी, मधला जन्माला येण्याची, तिला थंडीचं सोयरसुतक नसतं. ती तशीच पटापट होते. दुसरी पायरी, मधला मोडण्याची, ती थंडीनं आखडते. उणे पंचवीसवर त्याचं अर्धायुष्य पाच मिनिटांचं चौदा तास होतं. म्हणजे पाहुणा डोकावून जात नाही, अंथरूण मागतो. तीन तास धार सोडली तर तीन तासांत आलेला जवळजवळ सगळा मधला भांड्यात साठून बसतो, गारेगार, गप्प. हे गणित मला येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला ते करावंसं वाटलं नाही, कारण माझ्याकडे कागद होते. तीन महिन्यांत लहान भांड्यातून आलेल्या एकतीस बाटल्या, एकतीस अहवाल, आणि प्रत्येकावर 'मधला: आढळला नाही'. खाली माझी सही.

त्या दिवशी या थंड पद्धतीनं पहिल्यांदाच मोठं भांडं लागलं होतं. दोनशे लिटरचं सोडून चार हजार लिटरचं. लहान भांड्याच्या अंगातून उष्णता निघून जाते, मोठ्याच्या पोटात ती अडकून राहते.

दोन वाजून दहा मिनिटांनी बाटलीबाई आली. इमारतीतून नमुन्याच्या बाटल्या माझ्याकडे आणायचं काम तिचं, म्हणून तिला सगळे बाटलीबाई म्हणत, तीसुद्धा स्वतःला तेच म्हणे. तिच्या उजव्या तळव्याला भलीमोठी पट्टी होती आणि डाव्या हातात बर्फाचा थर्मास.

"इस्त्रीचा चटका बसला, बाई. आज रागावू नका. लेबल रबर लावून बांधलंय."

"आणि बाटली थर्मासात कशाला?"

"हातात धरवत नाही ना. रोज मुठीत दाबून आणते तेव्हा कुठे दंव जातं. पोचेपर्यंत कोरडी ठणठणीत. मग तुमच्या दारात लेबल लावते."

"मुठीत?"

"मग काय करू? तुमचाच नियम." ती हसली. "पण एक सांगते, ही थंड बाटली मुठीत भलती गरम होते. माझ्या हाताहून गरम. हिवाळ्यात बरं वाटायचं. फक्त झाकण एक फेरा सैल ठेवावं लागतं, नाहीतर फटकन उडतं."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"बाटली कशी आणते हे तुम्ही कधी विचारलंत?"

तिचं खरं होतं. मी थर्मासातून बाटली काढली, एक थेंब यंत्राच्या काचेवर ठेवला आणि कळ दाबली. हे यंत्र थेंबातून अदृश्य प्रकाश सोडून पंधरा सेकंदांत आलेख काढतं, आणि प्रत्येक पदार्थाचं टोक त्या आलेखावर आपापल्या जागी उभं राहतं. पडद्यावर एक टोक उभं राहिलं. जिथे तीन महिने सपाट रेघ होती तिथे ते असं उंच, की मी आधी यंत्रालाच शिव्या घातल्या. काच पुसली. दुसरा थेंब घेतला. तेच टोक. मग तो थेंब तसाच काचेवर ठेवून मी दर अर्ध्या मिनिटाला आलेख काढत गेले. टोक खाली येत होतं. एका मिनिटाहून थोड्या जास्त वेळात निम्मं, पुन्हा तेवढ्याच वेळात त्याच्या निम्मं. सहाव्या मिनिटाला रेघ सपाट झाली, जशी एकतीस वेळा होती तशी.

एकतीस वेळा मी मधल्याला मुठीत मारून आणायला लावलं होतं आणि मग तो मेला आहे असं सहीनिशी लिहून दिलं होतं.

फोन लावला तेव्हा दोन वाजून अठरा मिनिटं झाली होती.

"चिलर चालू आहे ना?" मी भावाला विचारलं.

"ताई, बाटली निघाली की चिलर बंद. आता तर भांड्याभोवतीच्या जॅकेटात गरम पाणी सोडून अठरा मिनिटं झाली."

"माझा अहवाल आल्याशिवाय?"

"तुझा अहवाल काय येणार ते आम्हाला पाठ आहे. तेवढीच अर्ध्या तासाची बचत."

"गरम पाणी बंद कर. आत्ताच्या आत्ता. भांड्यात मधला आहे. भरून आहे."

तो हसला. रागानं नाही, लाडानं हसला. "माझ्यासमोर फाईल आहे. एकतीस कागद. आढळला नाही, आढळला नाही, आढळला नाही. खाली सही कुणाची ते वाचून दाखवू?"

"ते सगळे चुकलेत. मी चुकले."

हे वाक्य त्यानं माझ्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

"तुझी तब्येत बरी आहे ना, ताई?"

"पाणी बंद कर म्हणते ना!"

"करतो, करतो. ये तू इकडे. बघू."

अंगण ओलांडून, जिने चढून मी वरच्या मजल्यावर पोचले तेव्हा धाप लागली होती. तिथे सगळं नेहमीसारखंच होतं. पंख्याची घरघर, जमिनीवर ओल्या बुटांचे ठसे, कुणाचा तरी डबा अर्धवट उघडा. भांडं दोन मजल्यांच्या मध्ये लटकवल्यासारखं बसवलेलं, वरून फक्त त्याचं झाकण आणि तापमानाची तबकडी दिसायची. काटा उणे सोळावर होता.

"पाणी कधी बंद केलंस?"

"तू म्हणालीस तेव्हाच. पाच मिनिटं झाली."

"आणि काटा?"

त्यानं तबकडीकडे बघितलं. आम्ही दोघंही बघत राहिलो. काटा हलला. फार नाही, मिनिटाला अर्धा अंश. पण खालचा गॅस बंद असताना दूध तापत जावं, तसा तो चढत होता.

"बाहेरची हवा गरम आहे, त्यानं असेल," तो म्हणाला.

"चार हजार लिटर हवेनं तापतात? मिनिटाला अर्धा अंश?"

त्याला पटलेलं नव्हतं. मला वाद घालायला वेळ नव्हता. मी त्याला नमुना काढायला लावला. बाटली पांढरी झाली दंवानं. झाकण मी घट्ट बसवलं आणि ती त्याच्या हातात दिली. "मूठ मिट. जोरात. सोडू नकोस."

त्यानं मूठ मिटली. आधी गारठ्यानं तोंड वाकडं केलं. मग ते सरळ झालं. मग त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी विसरू शकत नाही. त्याला कळलं की बाटली आता त्याच्या हाताची ऊब घेत नाही, हाताला ऊब देते आहे. "गरम होतेय," तो म्हणाला, "ताई, पोळतंय," आणि फटकन आवाज होऊन झाकण छताला जाऊन आपटलं. फेस त्याच्या मनगटावरून ओघळला. ती बाटली चहाच्या पेल्याएवढीसुद्धा नव्हती. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा भांड्याकडे, आणि पुन्हा हसला नाही.

इथून पुढे तो माझ्याहून शहाणा वागला. कुणालाही घाबरवलं नाही, ओरडला नाही. चिलर लगेच सुरू होणार नव्हतं, एकदा बंद पडलं की चाळीस मिनिटं ते स्वतःला कुलूप लावून घेतं. सुरक्षा झडप होती, पण ती दोन-अडीच टक्के मधल्याच्या हिशेबानं बसवलेली. राहिला एकच मार्ग. भांड्याच्या बुडाशी, खालच्या मजल्यावर एक दांडा होता. तो ओढला की सगळा माल अंगणाखालच्या पाण्याच्या मोठ्या हौदात जातो. एवढ्या पाण्यात मिसळला की मधला कितीही मोडू दे, पाणी जरा कोमट होईल, एवढंच. सगळं भांडं रिकामं व्हायला पंधरा मिनिटं.

पण तो दांडा स्प्रिंगचा. हात सोडला की आपोआप बंद. पूर्वी कुणीतरी तो उघडा विसरून गेला होता आणि आख्खी खेप हौदात गेली होती, म्हणून तसा बसवलेला. कुणी दोरीनं बांधून ठेवू नये म्हणून त्याच्याभोवती जाळी घातलेली. एका माणसानं पंधरा मिनिटं तो दोन्ही हातांनी ओढून धरायचा. तिथून तबकडी दिसत नाही. फोन आहे, पण दाराजवळच्या भिंतीवर, बारा पावलांवर.

"किती वेळ आहे आपल्याकडे?" त्यानं विचारलं.

त्यानं मला विचारलं. मी त्याच्या टेबलावरचा कागद ओढला. मिनिटाला अर्धा अंश हा वेग समोर होता. तापेल तसा वेग वाढणार. किती वाढणार? तिथे माझ्या हातानं तेच लिहिलं जे आमच्या धंद्यात प्रत्येकाला पहिल्या वर्षी शिकवतात आणि कुणी पुन्हा विचारत नाही: दर दहा अंशांनी वेग दुप्पट. बहुतेक पदार्थांना ते साधारण लागू पडतं. मी दुप्पट धरून हिशेब केला. पाव मिनिट लागलं असेल.

"अर्धा तास," मी म्हणाले.

"आणि रिकामं व्हायला पंधरा मिनिटं. मग काय, मध्ये एक डुलकी काढतो." त्यानं बाकीच्यांना अंगणात जायला सांगितलं. मी म्हटलं, मी थांबते, आळीपाळीनं धरू. तो म्हणाला, "तुझ्या वजनानं तो दांडा खालीसुद्धा यायचा नाही. जा. डोकी मोज." मला पाठीवर हलकंसं ढकललं त्यानं, लहानपणी मी त्याला शाळेच्या दारात ढकलायचे तसं. आणि मी गेले. आकडा बरोबर आहे अशी माझी खात्री होती, म्हणून गेले. तो धोक्यात आहे असं वाटलं असतं तर मला तिथून चार माणसांनी उचलून न्यावं लागलं असतं.

अंगणात, हौदापलीकडच्या भिंतीला टेकून आम्ही बावीसजण उभे होतो. डोकी मोजून झाली. हौदात माल पडल्याचा गडगड आवाज येत होता, पाण्यावर बुडबुडे उठत होते. सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी विनोद केला की उद्या हौदातून पांढरीशुभ्र पूड गाळून काढू. बाटलीबाई आपली पट्टी सारखी करत होती.

मला नुसतं उभं राहवत नाही. हातात तो कागद होता, खिशात पेन्सिल होती. सवयीनं मी हिशेब पुन्हा केला, या वेळी नीट. माझ्याकडे दोन आकडे होते: काचेवरचा थेंब प्रयोगशाळेच्या बावीस अंशांवर किती वेगानं मोडत होता तो, आणि भांडं उणे सोळावर किती वेगानं तापत होतं तो. सगळा मधला मोडला तर माल किती अंश तापेल हे ठाऊक असलं, की या दोन आकड्यांमधून वेग दर दहा अंशांनी किती पटीनं वाढतो ते काढता येतं. कुठल्याही विद्यार्थ्याला काढता येतं. मी काढलं. दुप्पट नव्हता. जवळजवळ चौपट होता.

चौपट धरून पुन्हा मोजलं. अर्धा तास नाही. बारा मिनिटं, फार तर तेरा.

घड्याळ बघितलं. मी "अर्धा तास" म्हणाले त्याला अकरा मिनिटं होऊन गेली होती.

मी ओरडले असेन, कारण सगळे माझ्याकडे वळले. इमारतीचं दार माझ्यापासून दूर होतं, फोनची पेटी जवळ होती, पहारेकऱ्याच्या खोलीत. मी फोन उचलला आणि खालच्या मजल्याचा नंबर फिरवला. घंटा वाजायला लागली. ती मला दोनदा ऐकू येत होती, एकदा कानाला लावलेल्या फोनमध्ये आणि एकदा उघड्या झरोक्यातून, तिथे, भिंतीपलीकडे. तो उचलत नव्हता. उचलणार कसा? उचलायचा तर दांडा सोडावा लागला असता, आणि अर्ध्या तासातली बरीच मिनिटं अजून शिल्लक आहेत असं त्याला माहीत होतं. मी त्याला तसं सांगितलं होतं. मनात मी म्हणत होते, सोड रे, एकदा तरी माझं ऐकू नकोस, सोड आणि पळ. घंटा वाजतच होती. मग ती थांबली, आणि त्याच क्षणी पायाखालची जमीन हलली.

भांड्यात चौथा हिस्सा उरला होता. तेवढ्यानं छप्पर गेलं आणि पूर्वेची भिंत गेली. चारही हिस्से असते तर आम्ही टेकलो होतो ती भिंत आणि आम्ही बावीसजण उरलो नसतो. हे चौकशीत लिहिलं आहे. त्यात असंही लिहिलं आहे की धोका ओळखण्यात प्रयोगशाळाप्रमुखांनी तत्परता दाखवली. लेबलाच्या नियमाबद्दल एक परिच्छेद आहे, अहवालाआधी चिलर बंद करायच्या सवयीबद्दल दोन आहेत. अर्ध्या तासाबद्दल एक अक्षर नाही. वरच्या मजल्यावर ते फक्त त्यानं ऐकलं होतं, आणि तो कागद माझ्याकडे आहे.

दीड महिन्यानं माझी भावजय माझ्याकडे आली. एकटीच आली, लेकीला शेजारी ठेवून. ती शाळेत शिकवते. भिडस्त आहे, पण एकदा विचारायचं ठरवलं की विचारल्याशिवाय उठत नाही.

"ताई, मी अहवाल वाचला. सगळा कळला नाही. एकच विचारायचंय. त्याला निघता आलं असतं का?"

माझ्या मनात खोटं तयार होतं. दीड महिना घोळवून घोळवून ते अगदी गुळगुळीत झालं होतं. एका क्षणात झालं, त्याला कळलंसुद्धा नसेल, कुणाला काही करता आलं नसतं. मी तोंड उघडलं आणि ते बाहेर पडेना.

"आलं असतं," मी म्हणाले. "दार बारा पावलांवर होतं. त्यानं मला वेळ विचारला. मी अर्धा तास सांगितला. होती तेरा मिनिटं. मी हिशेब चुकीचा केला. तेरा सांगितली असती तर तो दहाव्या मिनिटाला दांडा सोडून बाहेर आला असता."

ती रडली नाही. मला वाटलं होतं ती उठून जाईल, किंवा काहीतरी फेकून मारेल, आणि मला ते हवं होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं.

"दुसऱ्या कुणी अर्धा तास सांगितला असता ना," ती शेवटी म्हणाली, "तर त्यानं स्वतः एकदा मोजून बघितलं असतं. तो घरी दुधाचा हिशेबसुद्धा दोनदा मोजायचा, ताई. फक्त तुमचं कधी मोजायचा नाही."

मी हो म्हणाले. मग ती लेकीला आणायला गेली.